सरदाराचा डावा डोळा

“हिची मान बघ एकदा,” ताई म्हणाली होती. “पोर हनुवटी वर करून बघते. मी हातानं सरळ केली की चिडते. मला हे लक्षण बरं दिसत नाही.”

ताई म्हणजे माझी नणंद. तिचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ आहे. दिवसभर लोकांच्या हनुवट्या वर-खाली करणं हाच तिचा धंदा. माझ्या लेकीला, भिंगरीला, तिनं स्टुलावर बसवलं होतं, मागं पांढरा पडदा, आणि कॅमेऱ्यामागं मी खुळखुळा वाजवत उभी.

मी हसण्यावारी नेलं. “अगं, सरदाराची ऐट आहे ती. आमच्या घरात सगळे असेच बघतात.”

“आमच्या घरात म्हणजे माझ्या माहेरीच ना?” ताई लेन्स पुसत म्हणाली. “मग मला नको शिकवूस.”

घरी आल्यावर आबांनी तो फोटो जिन्यातल्या सरदाराच्या तसबिरीशेजारी धरला आणि सगळ्या घराला हाका मारल्या. तीच वर उचललेली हनुवटी. तीच अर्ध्यावर उतरलेली डावी पापणी. “कोरणी धरणारी आली घरात!” ते म्हणाले. माझ्या सासऱ्यांना गुणगुणताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

आबांच्या आजोबांनी, ज्यांना घरात सगळे मोठे आजोबा म्हणतात, कुणा जुन्या सरदाराचं तैलचित्र समोर ठेवून ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं होतं. सरदाराच्या झग्याची केसाळ कॉलर, छातीवरची साखळी, तलवारीच्या मुठीवरचा हात, सगळं नुसत्या रेषांनी. नाक लावून बघितलं तर जाळं, चार पावलं मागं सरकलं तर माणूस. डावी पापणी बाहुलीच्या निम्म्यावर आलेली, समोरच्याची किंमत करत असल्यासारखी. त्या पत्र्यावरून कागदावर उठवलेल्या एका छापावर या घराचं नाव झालं. आबांच्या वडिलांची पापणी तशीच, मग आबांची, मग थोडीशी माझ्या नवऱ्याची. “पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या तोंडाकडे बघत बसलो, शेवटी त्यानं आपली नजर आम्हाला देऊन टाकली,” असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्यातून घराचा नियम झाला: पापणी उतरलेली असेल त्याच्याच हातात तांब्यावर रेषा ओढायची कोरणी द्यायची. ताईचे दोन्ही डोळे टक्क उघडे, धाकट्या दिराचेही. दोघांना कधी तांब्याला हात लावू दिला नाही.

मग भिंगरी चालायला लागली आणि डाव्या अंगानं धडकायला लागली. दाराची कड, कपाट, खुर्चीचा हात. खालच्या मजल्यावरच्या छापायच्या प्रेसचा जुना नमदा, जाड लोकरी कापड, त्याचे तुकडे कापून मी घरातल्या सगळ्या कोपऱ्यांना बांधले. सासूबाई म्हणाल्या, “घराला बँडेज केलंयस का गं?” त्या हसल्या, मीही हसले, पण त्या दिवसापासून मी पोरीवरची नजर काढली नाही. चेंडू डावीकडून आला तर तिला कळायचाच नाही. कळायचा तो अंगाला लागल्यावर.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारला, लाल बाहुली नाचवली, पापणी बोटानं उचलून पाहिली.

“डोळा चांगला आहे,” त्या म्हणाल्या, आणि माझ्या जिवात जीव येतो न येतो तोच पुढचं आलं. “पण पापणी बाहुलीवर पडलेली आहे. झाकलेला डोळा बघायला शिकतच नाही. डोळ्याचं शिकायचं एक वय असतं. ते गेलं की मग पापणी उचला नाहीतर काहीही करा, तो डोळा नुसता शोभेला. सोमवारी सकाळी ऑपरेशनला घेऊन या. लांबणीवर टाकू नका.”

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “सरदाराचं प्रदर्शन होऊ दे. मग बोलू आबांशी.”

“प्रदर्शन ऑपरेशनच्या नंतर आहे.”

“म्हणून तर म्हणतोय.”

असा हा माझा नवरा. भांडण समोरून येताना दिसलं की रस्ता ओलांडणारा.

*

प्रदर्शनासाठीच रविवारी सगळे खालच्या मजल्यावर जमले होते. संग्रहालयानं सरदाराचं मूळ चित्र कुठल्याशा बंद दिवाणखान्यातून मिळवून, काजळी काढून साफ करून घेतलं होतं. त्याच्या शेजारी आमच्या पत्र्याचा ताजा छाप लावायचा होता. हे सगळं जुळवून आणलं धाकट्या दिरानं. तो जाहिरातींचं काम करतो. पत्र्याला हात लावायची बंदी असलेल्या या माणसाइतका सरदाराचा अभिमान घरात कुणालाच नाही.

“वहिनी, फलकावर काय लिहायचंय माहितीय?” तो मला म्हणाला. “‘ज्या घराला सरदारानं आपली नजर दिली.’ कसं वाटतं?”

“भाऊजी, तुम्हाला कुठं दिलीय?”

“तोच तर त्याग आहे आमचा!” तो हसला. पण त्याचं हसू डोळ्यांपर्यंत पोचायच्या आत थांबलं, हे मी पाहिलं.

छाप काढायचा म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं काम ठरलेलं. सासूबाईंनी कागद आदल्या दिवशीच ओले करून दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेले. आबांनी पत्रा गरम केला, शाई रेषारेषांत भरली, मलमलीच्या बोळ्यानं पुसली आणि शेवटी तळहाताला खडूची पूड लावून अलगद हात फिरवला. हा शेवटचा हात दुसऱ्या कुणी फिरवायचा नाही. नवरा प्रेसवर. माझ्याकडे काय, तर स्वच्छ बोटांनी कागदाची दोन टोकं धरणं. ताई दाराशी उभी, हाताची घडी घालून. ती अशा वेळी दाराच्या आत येत नाही.

भिंगरी जमिनीवर मलमलीच्या चिंध्यांत बसली होती, मान वर करून, सगळ्यांचं निरीक्षण करत.

“बघा, मालक आलेत कामावर नजर ठेवायला,” आबा म्हणाले.

नवऱ्यानं प्रेसच्या पाटावर नमदा झटकला. मग खिशातून नखाएवढा कागदाचा कपटा काढला, त्याला थुंकी लावली आणि पत्र्याच्या पाठीला एका ठरावीक जागी चिकटवला. हे तो नेहमी करतो. लहानपणी आबांनी त्याला दाखवलं होतं: इथं कपटा लावायचा, नाहीतर डोळा फिका उठतो. का, ते त्यानं विचारलं नव्हतं. त्यानं आबांना विचारलं नाही असं पुष्कळच काही आहे.

चाक फिरलं. नवऱ्यानं आणि मी कागद उचलला, आणि कागदासोबत सरदार वर आला, ओला, काळाभोर, हनुवटी वर.

सासूबाई हळूच म्हणाल्या, “आला बाई सुखरूप.” जणू परगावाहून आला होता.

तेवढ्यात संग्रहालयाच्या बाई आल्या. चित्र साफ करण्याचं काम त्यांनीच केलं होतं. हातात लांब गुंडाळी. “मूळ चित्राचा पूर्ण मापाचा फोटो आणलाय,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आधी दाखवावा असं वाटलं. लोकांसमोर एकदम नको.”

त्यांच्या आवाजातली काळजी फक्त मला आणि ताईला ऐकू आली असावी. ताई दारातून एक पाऊल आत आली.

गुंडाळी छापाशेजारी उलगडली. तोच झगा, तीच साखळी, तोच मुठीवरचा हात. आणि दोन डोळे. दोन्ही सारखे, दोन्ही पूर्ण उघडे, एखाद्या सामान्य, जरा गर्विष्ठ माणसाचे.

पहिल्यांदा धाकटा बोलला. “चित्रकारानं खुशामत केली असणार. पैसेवाल्याचा पडका डोळा कोण काढतंय? आमच्या मोठ्या आजोबांनी खरं ते कोरलं.”

“शक्य होतं,” बाई सावकाश म्हणाल्या. “पण सरदार तुमच्या मोठ्या आजोबांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं गेलेला. त्यांनी त्याला पाहिलं नव्हतं. त्यांच्यासमोर हे चित्र होतं, एवढंच. आणि डोळ्यांवर नंतर कुणी रंग चढवलाय का तेही आम्ही तपासलं. नाही चढवलेला.” त्यांनी आबांकडे पाहिलं. “शेजारी काय लिहायचं ते तुम्हीच सांगा. मी आपल्या मनानं काही लिहिणार नाही.”

बाई फोटो तिथंच ठेवून गेल्या. त्यांनी चहा घेतला नाही आणि कुणी आग्रहही केला नाही. सासूबाईंच्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

*

त्या गेल्या, आणि मला कळलं की आत्ता बोलले नाही तर सोमवार निघून जाईल.

“उद्या सकाळी भिंगरीच्या पापणीचं ऑपरेशन आहे,” मी म्हणाले. “डॉक्टरांनी वेळ दिलीय. मी नेणार आहे.”

बोलताना माझा हात ओल्या छापावर टेकला होता. ओल्या कागदाच्या कडेला माझ्या अंगठ्याचा डाग पडला. छाप वाया गेला, तरी कुणाचं लक्ष नव्हतं.

“काय म्हणालीस?” आबा.

मी पुन्हा म्हणाले. शब्द न बदलता.

“माझ्या नातीच्या डोळ्याला सुरी लावायची नाही,” आबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांचा आवाज चढत नाही, जड होतो. “मी याच डोळ्यावर आयुष्य काढलं. माझ्या बापानं काढलं. काय अडलं आमचं? आणि कोरणाऱ्याला दुसरा डोळा हवा कशाला? भिंग एकाच डोळ्याला लावतात. दुसरा मिटूनच घ्यावा लागतो. आम्हाला तो मिटलेलाच मिळालाय.”

“तिला कोरायचं नसेल तर?”

“म्हणजे?”

“तिला बस चालवायची असेल, आबा. चेंडू झेलायचा असेल. जिना उतरताना पायरी बघायची असेल.”

“सूनबाई, चार पुस्तकं शिकलीस म्हणून—”

“पुस्तकांचा काय संबंध?” ताई म्हणाली. आता ती टेबलापर्यंत आली होती. “मी तर पुस्तकं नाही वाचली ना फार? मीच हिला आधी सांगितलं. पोर मान का वर करते माहितीय? पापणीखालून बघायला फट मिळावी म्हणून. ऐट नाही ती, आबा. धडपड आहे.”

“तू बोलूच नकोस यात.”

“का? दोन्ही डोळे उघडे आहेत म्हणून?”

ताईला काय वाटत होतं ते तिनं मला त्याच रात्री सांगितलं. लहानपणी ती दुपारी सगळे झोपले की इथं खाली यायची. आबांची कोरणी उचलायची, लाकडी मूठ तळहाताच्या खोबणीत बसवायची, आणि टाकाऊ पत्र्यावर रेष ओढायची. तिची रेष सरळ यायची. भावाची कधीच तितकी आली नाही, भाऊही हे कबूल करतो. एकदा आबांनी पाहिलं. रागावले नाहीत. कोरणी हातातून काढून घेतली आणि म्हणाले, “तुला नाही गं दिलेली त्यानं.” मग आरशासमोर उभी राहून डावी पापणी बोटानं खाली ओढून धरायची सवय तिनं कित्येक महिने केली. शेवटी डोळा सुजला तेव्हा आईनं कारण विचारलं आणि तिनं सांगितलं नाही.

आता ती टेबलावरच्या फोटोकडे बोट करून म्हणाली, “मला ज्यानं नाही दिली, त्याचे स्वतःचेच डोळे बघा जरा.”

“ताई, पुरे,” धाकटा म्हणाला. “आठवड्यावर प्रदर्शन आलंय. आत्ता पोरीच्या डोळ्याला पट्टी बांधून तिला तिथं न्यायचं? लोक विचारतील.”

“विचारू देत. सांग, जाहिरात बंद, दुरुस्ती चालू.”

“तुला सगळ्याची थट्टाच वाटते.”

“तुला वाटत नाही हेच तर दुखणं आहे!” ताईनं त्याच्याकडे तोंड वळवलं. “अरे, तुला तरी काय मिळालं या सरदाराकडून? तू का त्याची वकिली करतोस?”

धाकटा छापाकडे बघत राहिला. या माणसाला तिशी उलटल्यावरही घरात काहीतरी आपलं असावं असं वाटत होतं, आणि फलकावरचं ते एक वाक्य त्याचं स्वतःचं होतं. मला त्याचा राग होता. तरी त्या क्षणी तो ओसरला.

“तुम्ही तरी बोला काहीतरी,” मी सासूबाईंना म्हणाले.

त्या फळ्यांवर कागद रचत होत्या. “मी काय बोलू? लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, यांचा डोळा दुखतोय. विचारलं तर सासूबाईंनी तोंडावर बोट ठेवलं. म्हणाल्या, नशीब लागतं असा डोळा मिळायला. मग मी म्हटलं, असेल.” पुढचा कागद उचलून, “पोरीला भूल देणार का गं?”

“हो.”

“एवढीशी ती. उठली नाही म्हणजे?”

माझ्या छातीत जे रोज पहाटे धडधडतं तेच त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवलं होतं. “मलाही तीच भीती आहे, आई,” मी म्हणाले. “तरी मी नेणार आहे.”

मी नवऱ्याकडे पाहिलं नाही. खरं म्हणजे मुद्दामच पाहिलं नाही. एकटीनं न्यायची तयारी मी मनाशी करून ठेवली होती: पिशवी भरलेली, रिक्षावाल्याला सांगितलेलं, बाहुली धुऊन वाळत घातलेली.

*

माझा नवरा काय करत होता? तो प्रेसच्या पाटावरून पत्रा उचलत होता. नंतर तो म्हणाला, त्याला नुसतं हातांना काम हवं होतं. पत्रा थंड झाला होता. तो पुसून फडक्यात गुंडाळायचा म्हणून त्यानं नमद्यावर पालथा घातला आणि पाठीवरचा कागदाचा कपटा नखानं काढला. नेहमी काढतो तसा. तेव्हा मात्र कपट्याखालच्या जागेवर त्याचं बोट थांबलं.

तिथं खळगा होता. वाटाण्याएवढा, गुळगुळीत, कडेनं बारीक ठोक्यांचे ठसे.

“आबा,” तो म्हणाला.

आबांनी ऐकलं नाही. ते धाकट्याला सांगत होते की संग्रहालयाला फोन लाव आणि सांग, फोटो खोटा आहे.

“आबा.” या वेळी सगळे थांबले, कारण माझा नवरा या आवाजात कधी बोलत नाही. “इथं मागून ठोकलंय.”

आबा धाकट्याकडून त्याच्याकडे वळले.

“पुढून तासून काहीतरी काढून टाकलं, की पत्र्याला खळगा पडतो. मग मागून ठोकून तेवढी जागा परत वर आणावी लागते. तुम्हीच शिकवलंत मला. आख्ख्या पत्र्यात एकाच जागी ठोकलंय. डाव्या डोळ्यामागं.” त्यानं पत्रा दोन्ही हातांनी बापापुढं धरला, पाठ वर करून. “मी इथं इतकी वर्षं कागद चिकटवतोय. आधी दुसरा डोळा होता ना इथं? उघडा? कुणी काढला?”

आबांनी पत्रा घेतला. त्यांना बघायची गरज नव्हती. त्यांचा अंगठा आपोआप त्या खळग्यावर गेला, आंधळा माणूस आपल्या घराची कडी चाचपतो तसा. मी त्यांचा चेहरा पाहत होते, आणि मला समजलं की हा अंगठा या जागी पुष्कळदा गेलेला आहे. एकट्यानं. दार लावून.

ते स्टुलावर बसले.

“वडलांनी सांगितलं होतं मला,” ते म्हणाले. “एकदाच.”

सासूबाईंच्या हातातला कागद तसाच राहिला.

“वडील लहान असताना गल्लीतली पोरं त्यांना छळायची. काणा म्हणायची. डोळा मिचकावून त्यांच्यामागं रांग करून चालायची. वडील मग बाहेर जाईनात. या टेबलाखाली बसून राहायचे, दिवसच्या दिवस. आजोबांचा हा पत्रा तेव्हा तयार होता. दोन्ही डोळे उघडे, चित्रात आहेत तसेच. छापही गेले होते लोकांकडे.” त्यांनी घसा साफ केला. “एक दिवस आजोबांनी तासणी घेतली आणि सरदाराचा डोळा तासून काढला. जन्मातलं सगळ्यात चांगलं काम होतं ते त्यांचं. मागून ठोकलं, घोटलं, आणि वडलांना टेबलाखालून बाहेर काढून समोर बसवलं. त्यांच्या तोंडाकडे बघून नवी पापणी कोरली. छाप काढून रस्त्याकडच्या खिडकीत लावला. गल्लीतली पोरं खिडकीला नाकं लावून बघत होती म्हणे. मग वडलांना सगळे सरदार म्हणायला लागले. मरेपर्यंत सरदारच म्हणायचे.”

“म्हणजे त्यानं आपल्याला डोळा दिला नाही,” धाकटा हळूच म्हणाला. “आपण त्याला दिला.”

“आणि तुम्हाला हे ठाऊक होतं,” ताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा. “ठाऊक असून माझ्या हातातून कोरणी काढून घेतलीत.”

“वडलांनी सांगितलं तेव्हा मी ऐकून घेतलं. पण मला ती दुसरी गोष्ट जास्त आवडत होती गं. सरदारानं निवडल्याची.” आबा मुलीकडे न बघता म्हणाले. “माझाही डोळा पडकाच होता. मलाही बाहेर जावं लागायचं.”

मला बोलायचं होतं, पण सासूबाई आधी बोलल्या.

“पोरासाठी एवढं केलं त्या माणसानं,” त्या म्हणाल्या. “जन्माचं काम पुसून टाकलं. आणि आपण काय करतोय? पुसलेलं जपत बसलोय, आणि पोरगी टेबलाला आपटतेय.”

“त्यांच्याकडे तासणी होती आई,” मी म्हणाले. “म्हणून त्यांनी तासणी चालवली. तेव्हा अशा डॉक्टर असत्या तर पाठंगुळीला मारून पोराला घेऊन गेले असते. हो ना, आबा?”

आबांनी पत्रा मांडीवर घेतला. आणि तेव्हा, का ते मला अजूनही सांगता येत नाही, मी ते विचारलं.

“आबा, तुम्हाला त्या डोळ्यानं किती दिसतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. सासूबाई पदरानं हात पुसायला लागल्या, हात कोरडे असताना. एवढा संसार केला, आणि हा प्रश्न त्यांनीसुद्धा कधी विचारला नव्हता. मुलांनी नाही, आबांच्या आईनं नाही, कुणीच नाही. आबांच्या डोळ्याबद्दल या घरात गोष्टी सांगत, चौकशी करत नसत.

आबांनी शाईनं माखलेला उजवा तळहात उचलला आणि चांगला डोळा झाकला. दुसऱ्या हाताच्या बोटानं डावी पापणी वर धरली.

“खिडकी आहे,” ते म्हणाले. “उजेड आहे तिथं. कुणीतरी उभं आहे समोर.” मान पुढं केली. “कोण ते नाही सांगता येत.”

समोर सासूबाई उभ्या होत्या.

त्या पुढं झाल्या आणि आबांचा शाईचा हात खाली घेतला. त्यांच्या गालावर आणि भुवईवर तळव्याचा काळा ठसा उमटला होता. “वेडेच आहात,” त्या म्हणाल्या आणि त्याच पदरानं पुसायला लागल्या. पुसलं ते आणखी पसरलं.

“मला अजून पटलेलं नाही,” आबा त्या पदराआडून म्हणाले. “भूल देणं, सुरी लावणं. मला नाही पटत.”

“नका पटवून घेऊ,” मी म्हणाले. “तुमचं पटेपर्यंत थांबायला तिच्या डोळ्याकडे वेळ नाही. आम्ही सकाळी निघतो.”

आम्ही, असं तोंडातून गेलं खरं. मी नवऱ्याकडे वळले. तो भिंगरीला उचलून घेत होता.

“किती वाजता निघायचं?” त्यानं विचारलं.

एवढंच. पण लग्नानंतर त्या माणसानं मला दिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये हे वाक्य मी सगळ्यात वर ठेवते.

धाकट्यानं खुर्ची ओढली. “मी गाडी आणतो, वहिनी. रिक्षात धक्के बसतील येताना.” मग आबांकडे बघून, जरा चाचरत, “आणि त्या बाईंना काय सांगू? फलकाचं?”

आबा पत्र्याच्या पुढच्या बाजूला अंगठा फिरवत होते, त्या पापणीवरून, जिथं एका पोराच्या तोंडाकडे बघून एका बापानं रेषा ओढल्या होत्या.

“सरदार तुमचा, डोळा आमचा,” ते म्हणाले. “असं लिही. आणि का, तेही लिही. सगळं लिही.”

“माझं वाक्य गेलं म्हणजे.”

“हे तुझंच आहे की. आपण त्याला डोळा दिला, हे तूच म्हणालास ना आत्ता?”

धाकटा लगेच कागद शोधायला लागला. ताई एव्हाना टेबलाच्या पलीकडे गेली होती, आबांच्या बाजूला. तिथं हत्यारांची फळी आहे. तिनं विचारलं नाही. एक कोरणी उचलली, मूठ तळहातात बसवली आणि टाकाऊ पत्र्याचा तुकडा जवळ ओढला. आबांनी मान वळवून पाहिलं. थोड्या वेळानं त्यांनी भिंगाचा दिवा तिच्याकडे सरकवला.

*

हे मी दवाखान्याच्या बाकावर बसून लिहिते आहे. आत भिंगरी आहे. नवरा बाहेर फेऱ्या मारतो आहे, ताई दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली आहे, आणि मला नुसतं बसवत नाही म्हणून हात चालू ठेवलाय. दार उघडेपर्यंत काही कळणार नाही. कळलं तरी डोळा किती शिकला ते कळायला आणखी पुष्कळ दिवस लागतील, त्या डोळ्याला बघायला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून तिला रडवत, खेळवत, शिकवत. ते मी करणार आहे. त्याची मला शंका नाही.

मला राहूनराहून दुसरंच डोळ्यांपुढं येतंय. एक माणूस पन्नास-साठ वर्षं घरातल्यांसमोर जेवायला बसला, हसला, रागावला, त्याच्या डोळ्याच्या कथा झाल्या, कौतुकं झाली, आणि त्या डोळ्यानं त्याला समोरचं ताट दिसतं की नाही, हे एकानंही विचारलं नाही. आम्ही सगळे शहाणे होतो. आमचं प्रेमही होतं.

तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. ज्याच्या कशाचं तरी तुम्ही सगळे मिळून कौतुक करता, किंवा चेष्टा करता, आणि विचारत मात्र नाही. जरा पुस्तक पालथं ठेवा. आत जा, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. “चांगलं दिसतं की, काही नाही झालं मला,” असं म्हणतील. त्यावर विश्वास ठेवू नका. त्यांचा चांगला डोळा तुमच्या तळहातानं झाका, समोर उभे राहा, आणि विचारा, मी कोण?